नकोसे आवाज

भूपालअण्णा बिरनाळ्यांचे कान परत आले आणि त्याच आठवड्यात त्यांचे माग गेले.

इचलकरंजीत ऐकू न येणं ही काही बातमी नव्हे. साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू येत असेल, तर लोक उलट त्याच्याकडंच संशयानं बघतात. हा शेडमध्ये होता की चहाच्या गाड्यावर? अण्णा तर जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, म्हणजे त्या खडखडाटात मागाच्या पोटात डोकं घालायचं. साठीच्या आत दोन्ही कान गेले. शेडमध्ये त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं, कारण तिथं कुणीच कुणाला ऐकत नाही. ओठ बघून आणि बोटं नाचवून सगळं चालतं. समोरच्या रांगेतल्या कामगाराचे ओठ बघून त्याच्या घरी काल कशावरून वाजलं, हेसुद्धा अण्णा सांगत. पंचाईत व्हायची ती घरी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा अभिनंदन पडला मान खाली घालून बोलणारा. त्याचे ओठ दिसायचेच नाहीत.

त्यानंच हट्ट धरून अण्णांचं ऑपरेशन करवलं. कानामागं कातडीखाली एक चकती, आतल्या शंखासारख्या पोकळीत सोडलेली केसाएवढी तार, आणि बाहेरून कानावर अडकवायचं चिंचोक्याएवढं यंत्र. हे यंत्र नुसता आवाज मोठा करत नसे. ते निवड करायचं. प्रत्येक माणसाच्या आवाजाचा एक ठसा असतो, बोटाच्या ठशासारखा. यंत्र तो आकड्यांच्या एका लांबलचक ओळीत लिहून ठेवतं, आणि मग बाजारातल्या गलक्यातूनही तेवढाच आवाज वेगळा काढून कानाच्या शिरेवर सोडतं. याचा सगळा कारभार फोनमधल्या ‘निवांत’ नावाच्या ॲपकडं होता. त्यात दोन कप्पे होते. एक ‘हवेसे आवाज’, एक ‘नकोसे आवाज’. नकोशा कप्प्यात लोक मिक्सर टाकायचे, शेजारचं कुत्रं टाकायचे.

ऑपरेशननंतर त्या आवाजांतून शब्द लागायला शिकण्यात अण्णांचे काही महिने कोल्हापुरात, दवाखान्याजवळच गेले. तिथून परत आले, ते घरात न जाता थेट घराखालच्या आपल्या शेडमध्ये शिरले. घरी आल्यावर नव्या कानांनी पहिलं काय ऐकायचं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. शेड रिकामी होती. फरशीवर तेलाचे काळे डाग तेवढे राहिले होते, माग जिथं उभे असत तिथं.

“माग कुठं हायत?”

“विकले, अण्णा. भंगारात.” अभिनंदनची मान खालीच होती, पण या वेळी प्रत्येक शब्द ऐकू आला. “सगळं गाव हवेवर चालणाऱ्या नव्या मागांवर गेलंय. दोन वर्षांत आपल्याकडं विणायला सुताचं एक बीम चढलं न्हाई. तुमच्यासमोर तोडले असते तर तुम्हाला बघवलं नसतं.”

“मला इचारावंसं वाटलं न्हाई?”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असता?”

नसतेच म्हणाले. पण खरं बोलणाऱ्या माणसाचाच राग जास्त येतो. अण्णांनी डोक्यात राख घालून घेतली. “आजपासनं तुझा आवाज माझ्या कानावर पडाय नको,” ते म्हणाले.

असं चिडून बोलणारे बाप घरोघरी असतात. त्यांच्या हातात यंत्र नसतं, एवढाच फरक. अण्णांनी वर खोलीत जाऊन ‘निवांत’ उघडलं. नकोशा कप्प्यात आवाज टाकायला नमुना लागे. त्यांच्या फोनमध्ये अभिनंदनचा बोललेला एकच निरोप होता, यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशीचा. “अण्णा, घाबरू नका, मी बसनं निघालोय, येतोच.” तोच त्यांनी नमुना म्हणून दिला. त्यानंतर दोन दिवस अभिनंदन घरात होता. त्याचे ओठ हलायचे आणि अण्णा भिंतीकडं बघत जेवायचे. तिसऱ्या दिवशी तो तिरुपूरला एका कापड कारखान्यात नोकरीला निघून गेला.

बिरनाळे जैन. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकाला ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफी मागायची. हल्ली लोक हात जोडलेलं चित्र दोनशे जणांना एकदम पाठवून मोकळे होतात. अण्णांना त्याचा भयंकर तिटकारा. पाठवलेली माफी ते उघडूनही बघत नसत. माफी तोंडानं मागायची आणि कानानं घ्यायची, हे त्यांनी पोराला लहानपणापासून शिकवलं होतं.

पहिल्या वर्षी त्या दिवशी अभिनंदनचा फोन आला. अण्णांनी मुद्दाम उचलला, कानाला लावला, आणि काहीच ऐकू येत नाही याची खात्री करून ठेवून दिला. त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

कारण घर भयंकर गप्प झालं होतं. शेड एका खोकीवाल्याला गोदामासाठी दिली होती आणि पुठ्ठ्याची खोकी काही बोलत नाहीत. नव्या कानांना फ्रिजची घरघर ऐकू यायची, खिडकीतलं पारव्यांचं घुमणं ऐकू यायचं, भाकरी चावताना स्वतःचा जबडा ऐकू यायचा. बहिरे होते तोवर अण्णांना वाटायचं, जग बोलतंय आणि आपल्याला तेवढं कळत नाही. आता कळत होतं, की आपल्याशी कुणी बोलतच नाही.

पुढच्या श्रावणात त्यांनी मुलाला माफ केलं. तिरुपूरला फोन केला नाही, सुमतीआक्कालाही सांगितलं नाही. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जयसिंगपूरला दिलेली. अण्णांनी माफ केलं ते असं, की ‘निवांत’ फोनमधून काढून टाकलं. त्या कंपनीला तसंही दुसऱ्या कंपनीनं गिळलं होतं आणि नवं ॲप घ्या म्हणून सारखे निरोप येत होते. फोननं विचारलं, ‘हे ॲप काढून टाकायचं? त्यातली सगळी माहिती पुसली जाईल.’ अण्णांनी ‘सगळी’ हा शब्द दोनदा वाचला आणि बोट दाबलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग नवं ॲप घेतलं. त्यानं अगदी सुरुवातीला विचारलं, ‘यंत्रात जुन्या आवडीनिवडी सापडल्या. तशाच ठेवू?’ नाही म्हटलं तर सगळी जुळवणी पहिल्यापासून. आणि अण्णा जॉबर होते. चालत्या मागाची सेटिंग हलवायची नाही, हे जॉबर पहिल्या दिवशी शिकतो आणि मरेपर्यंत पाळतो. त्यांनी ‘हो’ दाबलं.

क्षमावाणीला फोन वाजला. अभिनंदनचं नाव बघून अण्णांनी लगेच उचलला.

“हॅलो.”

उत्तर नाही. पलीकडं कुठंतरी ट्रक मागं घेत होते, त्याची पीं पीं स्पष्ट येत होती. कुणीतरी तमिळमध्ये हाक मारली, तीही आली. म्हणजे लाइन ठीक होती.

“अभि? बोल की.”

ट्रकची पीं पीं चालूच होती.

“फोन करून गप बसाय केलायस काय? मी बापय तुझा. बोलायचं नसंल तर ठेव!”

फोन ठेवला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा हेच झालं. या वेळी अण्णा बराच वेळ थांबले, दोनदा हाक मारली. मग त्यांचाही पारा चढला. पोरगा वर्षातून एकदा फोन करतो, आणि नेमका ज्या दिवशी तोंड उघडायचं त्या दिवशी तोंड मिटून बसतो, म्हणजे काय? त्याच्याही पुढच्या वर्षी फोन आलाच नाही. अण्णा दिवसभर तो उशाशी घेऊन बसले होते. सोवळ्यातला लाडू कुणी चुकून शिवेल म्हणून जपावा, तसा.

यंदाच्या श्रावणात सुमतीआक्का आल्या. त्यांच्या लेकीच्या मुलाचं बारसं नुकतंच झालं होतं. अण्णा गेले नव्हते, कारण अभिनंदन येणार होता.

“तू आला न्हाईस ते न्हाईस, बघ तरी,” म्हणत आक्कांनी फोन त्यांच्यासमोर धरला. पाळणा, फुगे, बायकांचा कलकलाट. बाळ रडलं, ते ऐकू आलं. आक्का स्वतः कुणाला तरी ओरडत होत्या, “वाट्या आणा गं!” तेही आलं. मग अभिनंदन पुढं आला. जाडावला होता. त्यानं बाळाला उचललं, आणि कधी नव्हे तो मान वर करून थेट कॅमेऱ्याकडं बघितलं. त्याचे ओठ हलले.

“ह्यात आवाज बंद पडलाय,” अण्णा म्हणाले.

“कुठला आवाज?”

“अभिचा.”

“काय तरी बोलू नकोस! किती मोठ्यानं बोलालाय तो. कान बी बदलून घेतलास, तरी तुझं आपलं हेच?”

अण्णांनी फोन हातात घेतला आणि मागं नेऊन पुन्हा लावला. बाळ रडलं. आक्का वाट्यांसाठी ओरडल्या. अभिनंदनचे ओठ हलले. या वेळी अण्णांनी कानांचा नाद सोडला आणि शेडमध्ये बघायचे तसं बघितलं. ‘अण्णा, बघा, ह्याचे कान तुमच्यावर गेलेत.’

अण्णांनी फोन खाली ठेवला.

“आक्का, तो मला फोन करायचा तवा काय बोलायचा?”

“काय म्हंजे? क्षमा मागायचा की! मला सांगून रडला पोरगा. अण्णा उचलतात, आपलं सगळं ऐकून घेतात आणि वर ‘बोल की, बोल की’ म्हणून खिजवतात म्हणाला. आपलाच फोन बिघडलाय काय बघायला कारखान्यातल्या दुसऱ्या फोनवरनं पण केलावता त्यानं. मुंगीचं पाऊल बी ऐकू येतंय म्हणून गल्लीभर सांगत फिरायचास ना तू? मग पोरानं काय समजायचं?” आक्कांनी भावाचा चेहरा बघितला. “भूपाल, काय केलंस तू?”

अण्णांनी सांगितलं नाही. “त्याला यातलं काय बोलू नकोस, माझं मी बघतो. माझी शपथ हाय,” एवढंच म्हणाले.

कोल्हापूरच्या दवाखान्यात श्रवणतज्ज्ञ शर्वाणी कित्तूर यांनी यंत्र काढून आपल्या संगणकाला जोडलं. बाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. पडद्यावर आकड्यांच्या रांगा सरकत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

“काका, हा जुना कप्पा अजून आतच आहे. मिक्सर, कुत्रं, आणि हा तिसरा. ‘अभि’. हे कुणी टाकलं?”

“मीच.”

बाईंनी वर बघितलं नाही, त्याबद्दल अण्णांना त्यांचे उपकार वाटले.

“पण मी ते ॲप काढून टाकलंवतं की, बाई. सगळं पुसलं जाईल म्हणून त्यानंच लिहिलंवतं.”

“फोनमधलं पुसलं. प्रोग्राम काढला म्हणजे त्याचं सगळं गेलं, असं नसतं काका. तो स्वतः जातो, पण आपल्या सवयी, सेटिंग मागं ठेवून जातो. माणूस पुन्हा आपल्याकडंच येईल, तेव्हा त्याला सगळं परत विचारायला नको, म्हणून. तुमच्या सेटिंग फोनमध्ये नव्हत्याच, या कानावरच्या यंत्रात होत्या. नवीन ॲप आलं, त्याला त्या आयत्या सापडल्या. त्यानं विचारलं असेल तुम्हाला.”

“इचारलं. मी हो म्हणालो.”

“अभि म्हणजे?”

“पोरगा.”

बाईंनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा एकदा तपासली.

“मग आता तेवढाच उपटून टाका,” अण्णा म्हणाले.

“तेच होत नाही. जुन्या कंपनीचा कप्पा कुलूपबंद आहे, किल्ली कंपनीबरोबरच गेली. आणि नवीन ॲप इतकी वर्षं त्याच्यावरच शिकत आलंय. ताण्यातच चुकीचा धागा गेला आणि वर पुष्कळ कापड विणून झालं, तर तुम्ही काय कराल?”

“कापून नवीन बीम चढवायचं.”

“तसंच आहे. सगळं पुसावं लागेल, अगदी कोरं. पण मग तुम्हाला पहिल्यासारखं ऐकू येणार नाही. आवाज येतील, शब्द कळणार नाहीत. यंत्र शिकायला हवं आणि त्याच्याबरोबर तुमचा मेंदूही. तीन-चार महिने, कदाचित जास्त. आणि आता आहे इतकं स्वच्छ पुन्हा होईलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. या वयात धोका आहे. दुसरा उपाय सोपा आहे. तो बोलेल ते फोनवर अक्षरांत उमटवता येतं. तुम्ही वाचायचं. कानाला हात लावायला नको.”

उपाय खरंच सोपा होता. अण्णांनी क्षणभर विचारही केला. पोरगा बोलतोय आणि आपण चष्मा लावून त्याचं बोलणं वाचतोय, आणि कानात नुसती ट्रकची पीं पीं.

“पुसा,” ते म्हणाले.

“सणवार होऊन जाऊ दे काका, मग बघू. एकटे राहता ना तुम्ही?”

“एकटाच राहतोय. म्हणूनच पुसा.”

कोरं झालेलं यंत्र कानावर चढवलं तेव्हा कित्तूर बाईंचे ओठ हलले आणि अण्णांना मडक्यात वाळू ओतल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. रिक्षा म्हणजे वाळू, पाऊस म्हणजे वाळू, देवळातली घंटा म्हणजे जरा जाड वाळू. ते रोज सकाळी बातम्या लावून बसत आणि निवेदिकेच्या ओठांशी ती खरखर जुळवून बघत. मंदिरात लोक बोलत, अण्णा ओठ वाचून उत्तर देत, कुणाला काही कळत नसे. पाठमोऱ्या माणसानं हाक मारली की मात्र ते तसेच पुढं निघून जात, आणि भूपालअण्णाला हल्ली शिंगं फुटलीत, असं लोक म्हणू लागले. घरी आलं की पारवेसुद्धा ओळखू येत नसत. इतकं एकटं त्यांना बहिरेपणातही वाटलं नव्हतं.

क्षमावाणीच्या सकाळी मंदिरात ज्यानं त्यानं हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हटलं. अण्णांनीही प्रत्येकाला म्हटलं. घरी येऊन ते फोन समोर ठेवून बसले. सवयच होती ती. थोरल्यानं बसायचं, धाकट्यानं फोन करायचा. दुपार झाली. फोन ढिम्म. यंदाही तो करणार नव्हता, आणि का म्हणून करावा? मग अण्णांच्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत आपण कुणालाही स्वतःहून फोन करून क्षमा मागितलेली नाही. मागायला आलेल्यांना तेवढी देत आलो.

त्यांनी फोन लावला. वाजतोय की नाही हे नीट कळेना, म्हणून पडद्याकडं बघत राहिले. पडद्यावर सेकंद सरकायला लागले, तेव्हा कळलं, की उचललाय. त्यांनी फोन कानावरच्या यंत्राला टेकवला. आत बारीक वाळू सरसरत होती. ती कारखान्याची असेल, रस्त्याची असेल. माणसाचं काही नव्हतं.

“अभि,” ते म्हणाले. आपला स्वतःचा आवाजही त्यांना नीट ऐकू येत नव्हता. “मी बोलालोय. उत्तम क्षमा.”

सरसर तशीच होती.

“तू बोलू नकोस. आधी माझं ऐक. मी तुझा आवाज यंत्रात बंद करून टाकलावता. माग विकलेस तवा, रागानं. मग पुढच्या वर्षी काढला. मला वाटलं, गेला. पण तो आत राहिलावता रं. मला म्हाईत न्हवतं. तू दर वर्षी बोललास आणि मला इकडं काय म्हंजे काय ऐकू आलं न्हाई. मला वाटलं, तू गप बसतोस. मी तुला खिजवत न्हवतो, पोरा. खरंच बोल म्हणत होतो. माझं चुकलं. क्षमा कर.”

बोलून झालं. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पडद्यावर सेकंद सरकत होते, म्हणजे त्यानं ठेवला नव्हता. अण्णा भिंतीकडं बघत बसून राहिले.

मग वाळू जाड झाली. थांबली. पुन्हा जाड झाली, आणि या वेळी थांबेना. चढत गेली, मध्येच तुटली, पुन्हा खालून सुरू झाली. एकसुद्धा शब्द लागत नव्हता. शिव्या देतोय, की रडतोय, की मागांबद्दल सांगतोय, काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण हा ट्रक नव्हता. कोऱ्या यंत्राला कुणाचाच आवाज नकोसा नव्हता आणि पलीकडं अभिनंदन बोलत होता.

आवाज जरा थांबला की अण्णा “हं” म्हणायचे. तेवढ्यावर तो पुन्हा सुरू व्हायचा. असं बरंच चाललं. मग तो थांबला तो थांबलाच. काहीतरी विचारलं असावं त्यानं, आणि नुसत्या ‘हं’वर भागण्यासारखं ते नसावं.

“अभि,” अण्णा शेवटी म्हणाले, “तुझा एक शब्दबी कळंना झालाय मला. कान सगळं पुसून नवं केलंय, अजून शिकायचंय. तू काय इचारलंस ते उद्या परत इचार. परवाबी इचार. पण आत्ता ठेवू नकोस. बोल तू, मी ऐकालोय.”

बराच वेळ नुसती बारीक सरसर येत राहिली. अण्णांनी यंत्रावर फोन आणखी घट्ट दाबून धरला. मग ती जाड वाळू पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा हळू, एकेक मूठ टाकल्यासारखी, आणि फोन तापून कान भाजायला लागला तरी अण्णांनी तो बाजूला केला नाही.